पाचवं राज्य

आमचे मेहुणे सध्या मान खाली घालून जेवतात. धाकटीचे हे यजमान कवळ्या बनवतात. दिवसभर लोकांचे दात बसवतात, पण त्या रविवारी स्वतःची जीभ काही त्यांना आवरता आली नाही.

आई गेल्यावर बाबा धाकटीकडे राहायला आले ते "महिनाभर बघतो" असं म्हणून. जावयाच्या घरी राहणं त्यांना जड जात होतं. दोघेही एकमेकांशी इतक्या अदबीने वागत की बोलणंच व्हायचं नाही. मेहुण्यांचा सगळा जीव कॉम्प्युटरवरच्या राज्याराज्यांच्या खेळात. एकाने खेळी करायची, मग दुसऱ्याने, असा तो डाव दिवसचे दिवस चालतो. धाकटीने युक्ती काढली. नव्या डावात एक राज्य मेहुण्यांचं होतं, बाकीची चार कॉम्प्युटरची. त्यांतल्या एकावर, म्हणजे पाचव्या राज्यावर, तिने कॉम्प्युटरऐवजी गुपचूप बाबांना बसवलं.

"एवढ्यात सांगू नकोस," बाबा म्हणाले. "कळलं तर ते मुद्दाम हरतील. जरा जमू दे, मग मीच सांगेन."

बाबा भलतेच खूश. आज विहीर कुठे खणली, हे सांगायला मला फोन करायचे. महिना संपत आला तरी परत जायचा विषय त्यांनी काढला नव्हता. आम्ही दोघी बहिणी मनातून सुखावलो होतो.

मेहुण्यांचं शास्त्र मात्र ठरलेलं. कॉम्प्युटर सुरुवातीलाच अंगावर येतो, कारण तो फक्त शिपाई मोजतो. ज्याच्याकडे कमी, त्याच्यावर धाड. फुकट तर काहीच देत नाही, पोतंभर धान्याच्या बदल्यात घोडे मागतो. म्हणून मेहुणे पहिल्यापासून तिरंदाज जमवायचे, शेजाऱ्याशी तह करायचे आणि तहाची मुदत संपली रे संपली की त्याचं राज्य घशात घालायचे.

या डावात त्यांच्याकडे दुष्काळ पडला. पाचव्या राज्याने न मागता धान्य पाठवलं. पुढच्या खेळीला पुन्हा पाठवलं. बदल्यात काही मागणं नाही, सीमेवर एक भालाईत नाही. मेहुण्यांना वाटलं, प्रोग्राम बिघडलाय. त्यांनी ते धान्य शिपायांना खाऊ घातलं आणि तह संपताच पाचव्याची राजधानी जाळली.

त्या रविवारी मीही जेवायला होते. मेहुणे अगदी रंगात आले.

"इतका बिनडोक शेजारी मी आजवर पाहिला नाही. स्वतःच धान्य पाठवतो, आणि दारं सताड उघडी. त्याच्याच धान्यावर त्याला संपवला."

धाकटी टेबलाखालून त्यांना पाय मारत होती. त्यांना वाटलं, मीठ हवंय. त्यांनी मीठ सरकवलं.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "चुकलंच माझं," ते शांतपणे म्हणाले. "सीमेवर माणसं ठेवायला हवी होती. पण मला वाटलं, शेजारी घरचाच आहे."

मेहुण्यांचा हात मिठाच्या भांड्यावरच राहिला. कानापर्यंत लाल झाले बिचारे. "बाबा, मी... मला वाटलं, कॉम्प्युटर आहे."

"हो, ते ऐकलं मी."

मलाच तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं, तर त्यांचं काय झालं असेल. संध्याकाळी बाबांनी बॅग काढली. एरवी सासऱ्यांच्या खोलीत पाऊल न टाकणारे मेहुणे आत जाऊन उभे राहिले.

"बाबा, जाऊ नका. मला फार लाज वाटतेय. एक डाव अजून खेळू. आता समोर कोण आहे ते मला माहीत आहे."

बाबा बराच वेळ बॅगेची चेन मागेपुढे करत बसले. मग त्यांनी कपडे परत कपाटात ठेवले.

नवा डाव सुरू आहे. मेहुण्यांनी एकही तिरंदाज घेतलेला नाही. ते रोज पाचव्या राज्याला न मागता धान्य पाठवतात. बाबाही न चुकता आभाराचा निरोप धाडतात. पण पहिल्याच खेळीला बाबांनी सीमेवर भालाईत उभे केले होते, ते अजून तिथेच आहेत.