रूपसिंगने तोडलेलं सील

रूपसिंग राठोडचा हात आधी चालायचा, तोंड मागून. दारव्ह्याजवळच्या कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात तो सव्वीस वर्षं फिटर होता. तेवढ्या काळात त्याने एका मुकादमाचे दोन दात पाडले आणि एका ट्रकवाल्याचं नाक फोडलं. दोघांनीही कामावरच्या बायांची छेड काढली होती, त्यामुळे कोणी फारसं हळहळलं नाही. पण कारखान्यातला साधा नटही कधी त्याच्या घरी गेला नाही. त्याला मारकुटा खुशाल म्हणा, चोर म्हणायची कोणाची टाप नव्हती.

कंपनी दोन भावांची. भाऊ भांडले, कोर्टात गेले. धाकटा यंत्रं परस्पर विकू पाहतोय हे दिसल्यावर कोर्टाने सगळ्या मालमत्तेवर रिसीव्हर नेमला, यवतमाळच्या वकीलबाई अर्पिता गावंडे. निकाल लागेपर्यंत कंपनी ना थोरल्याची, ना धाकट्याची, ताबा कोर्टाचा. बाईंनी एकेक यंत्र लिहून घेतलं, मोठ्या दाराला कुलूप घातलं, त्यावर लाखेचं सील केलं आणि किल्ली रूपसिंगच्या हाती दिली.

"माझ्या हुकुमाशिवाय सील तुटलं तर चोरीचा आळ तुमच्यावर येईल, रूपसिंगभाऊ."

"माह्या जिवात जीव हाये तोवर नाई तुटत, बाई."

बाजाराच्या दिवशी, भरदुपारी, धाकट्याचा माणूस अतुल तिघांना घेऊन ट्रकने आला. सीलला हात लावायचा नाही, असं पढवूनच पाठवलं होतं त्यांना. ते मागचा पत्रा उचकटू लागले. रूपसिंग आडवा गेला, तशी अतुलने लोखंडी सब्बल त्याच्या हातावर घातली. डावा हात कोपराखाली काडकन मोडला. रूपसिंगने उजव्या हाताने त्याचा गळा आवळला, पण बाकीच्यांनी लाथांनी त्याच्या बरगड्या तुडवल्या आणि त्याला फरफटत नेऊन मोठ्या दारापुढे टाकलं.

आत शिरून ते गॅस कटरने मोटारींचे बोल्ट कापू लागले. जिथे सव्वीस वर्षं कोणी बिडी पेटवली नाही, तिथे ही अक्कल! उचकटलेल्या पत्र्यापाशी साचलेल्या रुईवर ठिणगी पडली आणि त्यांची परतीची वाटच पेटली. चौघं मोठ्या दाराकडे धावले, आतून धडका मारू लागले.

"रूपसिंग, दार खोल बे! मेलो ना!"

रूपसिंगला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? तोंडातलं रक्त थुंकून तो म्हणाला, "जळा!"

मग अतुल आईच्या नावाने किंचाळला. यंत्रात एका बाईचा हात गेला होता, तेव्हा ती अशीच किंचाळली होती. रूपसिंग शिव्या देतच उठला. दगडाने सील ठेचलं, किल्ली फिरवली. माणसं एकमेकांवर कोसळत बाहेर आली. अतुलचा सदरा पाठीवर पेटला होता. रूपसिंगने त्याला मातीत आपटलं आणि उघड्या तळव्याने आग विझवली. चौघं ट्रकमध्ये चढून पळाले. आभार मानायला कोणी थांबलं नाही.

"सील कोणी तोडलं?" खबर लागताच यवतमाळहून धावत आलेल्या बाईंनी विचारलं.

"म्याच."

दोन महिन्यांनी कोर्टात सील तुटल्याची चौकशी झाली, तेव्हा अतुलने शपथेवर सांगितलं, "त्या दिवशी मी नागपूरले होतो, साहेब. चोरीसाठी यानंच सील तोडलं, आग बी यानंच लावली."

सव्वीस वर्षांत न लागलेला डाग भर कोर्टात लागला. रूपसिंग उडी मारून साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी गेला, अतुलची मान खाली दाबली आणि सदरा कॉलरपासून टराटरा फाडला. मानेपासून कमरेपर्यंत पाठ भाजून गुलाबी झाली होती.

"साहेब, हा नागपूरले होता, त हे इथं कसं भाजलं?" ती आग विझवताना तसाच भाजलेला आपला तळवा त्याने वर धरला. अतुल फाटका सदरा पाठीवर ओढू लागला.

न्यायाधीशांनी पाठीची नोंद करायला लावली. सदरा फाडल्याबद्दल रूपसिंगला सडकून झापलं आणि कोर्ट उठेपर्यंत कोपऱ्यात बसवून ठेवलं. तो बसला.

संध्याकाळी बाईंनी जळक्या जिनिंगच्या नव्या कुलपाची किल्ली त्याच्यापुढे धरली.

"आता सांभाळाले उरलंच काय, बाई?"

"जे उरलं ते, रूपसिंगभाऊ."

त्याने उजवा हात पुढे केला. मूठ मिटताना तळव्याची कातडी ओढली गेली, तरी त्याने ती मिटली.