पाच हजार एक नळ्या

सिंधूताईंनी मला चीनला नेलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मुंबईच्या पुढे मी कधी गेले नव्हते. त्या तर मुंबईलाही सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायच्या.

दोन हजार पाच साल होतं. नाशिकरोडला जेल रोडवर ताईंचं गिफ्टचं दुकान होतं. आम्ही त्यांच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहायचो. मी नुकतंच एम.ए. केलं होतं आणि नोकरी शोधत होते. म्हणजे दुपारभर त्यांच्या दुकानात बसून चहा पीत होते.

एक दिवस त्यांनी विचारलं, "तेजल, तुला इंग्रजी येतं ना?"

"माझं एम.ए. मराठीत झालंय, ताई."

"मराठी तर तुला जन्मापासून येतं. मग दोन वर्षं कॉलेजात इंग्रजीच शिकली असशील."

मी चहाचा कप तोंडाला लावला.

ताईंचा खरा धंदा जानेवारीतला. संक्रांत ते रथसप्तमी घरोघरी हळदीकुंकवं होतात आणि आलेल्या प्रत्येक बाईला वाण म्हणून काहीतरी वस्तू दिली जाते. आम्ही बौद्ध. ताईंच्या घरी हळदीकुंकू नसतं. पण अर्ध्या नाशिकरोडचं वाण त्यांच्या दुकानातून जायचं. कुठल्या कॉलनीनं कुठल्या वर्षी काय लुटलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. सातपूरला चाळण्या. सिडकोत साबणदाण्या. देवळाली गावात ओळीनं दोन वर्षं चमचे. "तिथं तिसऱ्यांदा चमचे नेले तर बायका मला चमच्यानंच मारतील," त्या म्हणायच्या.

पण सगळे दुकानदार मुंबईच्या त्याच दोन-तीन व्यापाऱ्यांकडून माल आणायचे. मागच्या जानेवारीत सातपूरच्या महिला मंडळाच्या लताबाई दुकानात आल्या, सगळं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "सिंधूताई, तुमच्याकडं पण हेच?"

ते 'पण हेच' ताईंना फार लागलं.

सायबर कॅफेत मी त्यांना कॉम्प्युटरवर वस्तू दाखवायचे. एकदा एका रबरी नळीचं चित्र आलं. वीतभर लांब, हिरवी. आत लसणाच्या पाकळ्या घालायच्या, वरून तळहातानं लाटायचं, की सालं सुटतात. ताई चित्राकडे बघत राहिल्या. तास संपला म्हणून कॅफेवाला येऊन उभा राहिला तरी बघत होत्या.

"चल," त्या म्हणाल्या.

"घरी?"

"नाही गं. जिथं हे करतात तिथं."

त्यांचे यजमान फकिराभाऊ नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. त्यांनी पेपर खाली ठेवला. "चायना? पोरीकडं मनमाडला जायचं तर आठ दिवस पिशव्या भरतेस तू!"

"मनमाडला लसूणनळी मिळती का?"

"काय मिळती का?"

"बघा. तुम्हाला माहीत पण नाही. कोणालाच माहीत नाही!" असं म्हणून त्यांनी टाळी वाजवली.

जायच्या आधी त्या चाळीस महिला मंडळांना भेटून आल्या. वस्तू काय ते सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की यंदा माझ्याकडून जे वाण मिळेल ते नाशकात कोणी पाहिलेलं नसेल. पंधरा वर्षांची शिल्लक त्यांनी यात घातली आणि वर हा शब्द दिला. माल संक्रांतीच्या आत आला नाही तर शिल्लक पलंगाखाली पडून राहणार आणि शब्द चाळीस मंडळांत फिरणार, हे त्यांना माहीत होतं. मी सारखे संक्रांतीपर्यंतचे दिवस मोजायचे. त्या मात्र विमानात खिडकीशी बसून ढगांना हात करत होत्या.

यिवू नावाचं गाव आहे. तिथला बाजार एका इमारतीत आहे आणि ती इमारत संपत नाही. एका मजल्यावर फक्त कापडी फुलं. एका मजल्यावर फक्त घड्याळं, सगळी वेगवेगळी वेळ दाखवणारी. मला चक्कर आली. एका दुकानात छतापर्यंत साबणदाण्या होत्या. माशाच्या आकाराच्या, पावलाच्या आकाराच्या, झोपलेल्या डुकराच्या आकाराच्या. ताई तिथंच स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या.

"अगं ए एमए! पंधरा वर्षं साबणदाणी विकते मी. मला वाटायचं, चारच प्रकार असतात!"

दुकानातली मुलगी घाबरली. तिनं पाणी आणून दिलं.

नळीचा कारखाना गावाबाहेर होता. मालकाची मुलगी लिन आम्हाला न्यायला आली. ती माझ्याच वयाची. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच. त्यामुळे आमचं छान जमलं. तिनं टेबलावर लसूण ठेवला, नळीत पाकळ्या घातल्या, दोनदा लाटलं आणि नळी उलटी केली. सोललेल्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्या टपटप पडल्या.

"वा!" ताई म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीत हात घालून अर्धा किलो लसूण काढला.

तो त्यांनी नाशिकहून आणला होता. मला माहीत नव्हतं. विमानतळावर कोणाला दिसला नाही हे आमचं नशीब.

लिनच्या पाकळ्या खारकेएवढ्या. आपला गावरान लसूण चिंचोक्याएवढा. ताईंनी पाकळ्या नळीत घातल्या, लाटल्या, नळी उलटी केली. जशा गेल्या तशाच बाहेर आल्या, अंगावरच्या सालासकट. लिननं लाटून पाहिलं. तिच्या वडिलांनी लाटून पाहिलं. मग दोन कामगार आले. सगळा कारखाना टेबलाभोवती जमून आमच्या लसणावर ताकद लावत होता.

"हिला सांग, नळी बारीक कर. आतून खरखरीत कर."

मी सांगितलं. लिन वडिलांशी बोलली. नवा साचा करावा लागेल. त्यासाठी कमीत कमी पाच हजार नग घ्यावे लागतील.

ताई एवढ्या नळ्या कुठं ठेवणार, असा विचार मी करत होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पाच हजार एक."

"फाइव्ह थाउजंड," लिननं लिहिलं.

"एक. वर एक."

लिननं माझ्याकडे पाहिलं. मी ताईंकडे पाहिलं. "ताई, एका खोक्यात शंभर बसतात. पन्नास खोकी. तो एक कुठं ठेवतील ते?"

"ते त्यांनी बघावं. पूर्ण आकड्यावर सौदा थांबवायचा नसतो. थांबला म्हणजे संपला."

"मग तो एक मी पर्समध्ये घालून नेते ना!"

"पर्समधला मालात धरत नाहीत."

हे सगळं लिनला सांगायला मला इंग्रजी पुरेना. मी म्हटलं, "वन मोअर. व्हेरी इम्पॉर्टंट." लिननं गंभीरपणे मान डोलावली आणि 'एक' या आकड्याभोवती लाल गोल काढला. माझी चूक तिथं झाली.

माल तीन जानेवारीला बंदरात उतरला. सहा तारखेला केरूभाऊंचा फोन आला. केरूभाऊ सिन्नरचे. बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एजंटाकडे ते कामाला होते.

"ताई, माल आडकला."

"का?"

"एक्कावन्नावं खोकं. रिकामं हाय ते."

"रिकामं कसं? त्यात एक नळी असेल."

"तेच म्हणतोय ना मी! शंभराच्या खोक्यात एकच नळी! कस्टमचे साहेब म्हणत्यात, ही एकटी कशाला आली चीनवरून? काय घातलंय तिच्यात? कोणी सांगितलं व्हतं तुम्हाला हे उद्योग?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. चौदा तारखेला आठ दिवस होते. फकिराभाऊ म्हणाले, "मी तेव्हाच म्हणत होतो, ही अंधश्रद्धा आहे." ताईंनी चहाचा कप तसाच बाजूला सारला. ते पाहून मात्र मी खरंच घाबरले.

बंदरावर आमची पाळी यायला अकरा तारीख उजाडली. साहेब साताऱ्याकडचे होते, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी आमच्यासमोर खोकं उघडलं. आत चुरगळलेले कागद. कागदात एक लाल पेटी. पेटीत कापूस. कापसावर, मंगळसूत्र ठेवावं तशी, एक हिरवी नळी. तिला सोनेरी रिबिनीची गाठ. लिननं व्हेरी इम्पॉर्टंट वस्तू तिच्या परीनं नीट पाठवली होती.

साहेबांनी नळी उचलली, पिळली, वास घेतला. मग डोळ्याला लावून आमच्याकडे पाहिलं.

"हिच्यात खास काय आहे?"

"काही नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "बाकीच्यांसारखीच आहे."

"मग वेगळी का?"

"ती वरची आहे."

"वरची म्हणजे?"

"साहेब, तुमच्याकडं लग्नात आहेर शंभराचा करतात का?"

"एकशे एकाचा."

"मग तो एक रुपया पाकिटात घालता, का वर चिकटवता?"

साहेबांनी नळी खाली ठेवली. लाल पेटीकडे पाहिलं. केरूभाऊंकडे पाहिलं. केरूभाऊ छताकडे बघत होते. साहेबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि मग ते असे हसले, की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून आले. "अहो, चीनच्या पाकिटाला रुपया चिकटवला बाईंनी!" ते प्रत्येकाला सांगत होते.

तरी नियमाप्रमाणे त्यांनी आणखी दहा खोकी उघडली. सगळ्यांत शंभर-शंभर नळ्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी माल सुटला. तेरा तारखेला सकाळी टेम्पो जेल रोडला लागला.

आणि मग लताबाईंचा निरोप आला. सातपूरच्या मंडळानं स्टीलच्या वाट्या घेतल्या होत्या. तुमची वाट किती बघायची, ताई? ताईंनी इतर मंडळांना फोन लावले. निम्म्यांहून जास्त जणींनी वाट्याच घेतल्या होत्या. उरलेल्या म्हणाल्या, आधी बघू.

मी पायरीवर बसले. टेम्पोत पाच हजार एक नळ्या होत्या. ताईंनी दुकानाला कुलूप लावलं, शेजारच्या भाजीवालीकडून दोन किलो लसूण घेतला आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या.

"सातपूर," त्या म्हणाल्या. "ए एमए, मागं चढ. खोकी धर."

लताबाई दारातच म्हणाल्या, "अहो ताई, पण वाट्या घेतल्या ना आता."

"राहू द्या की. मी विकायला नाही आले. तुमची एक वाटी द्या फक्त."

ताईंनी टेम्पोचं फळकुट पाडलं, त्यावर नळी ठेवली, लसूण भरला, लाटला आणि वाटीत उलटा केला. सोललेला गावरान लसूण वाटीत पडला, टणटण वाजत. जमलेल्या सात-आठ बायका पुढं झुकल्या. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या.

"परत करा, परत करा!"

"नखं नाही दुखत?"

"मला द्या, मी करते. अगं सरक ना!"

ताईंनी वाटी पुसली आणि तिच्यात नळी उभी ठेवली. "वाट्या सगळं नाशिक लुटतंय यंदा. सिडकोत वाट्या. देवळालीत वाट्या. वाटीत नळी फक्त सातपूरला."

लताबाईंनी वाटीकडे पाहिलं. "सिडकोवाल्यांना दाखवली नाही ना अजून?"

"नाही."

"मग आम्हाला तीनशे द्या. आणि सिडकोला जाऊ नका."

आम्ही तिथून थेट सिडकोला गेलो. सातपूरला वाटीत नळी देणार आहेत, एवढंच ताई तिथं म्हणाल्या. पुढचं सिडकोनं केलं. देवळालीला पोचायच्या आधीच तिथल्या बायका रस्त्यावर उभ्या होत्या. एकीनं चालता टेम्पो थांबवला. पंचवटीत दोन मंडळांची भांडणं झाली, आधी कोण बोललं यावरून. मी माळ्यावर चढल्यासारखी खोक्यांवर चढत होते, उतरत होते. ओरडून माझा घसा बसला होता. आयुष्यात इतकी मजा मला कधी आली नव्हती.

अठरा तारखेला दुपारी शेवटचं खोकं फुटलं. ताई तडक गल्लीतल्या आयएसडी बूथवर गेल्या आणि यिवूचा नंबर फिरवला. चपला त्या टेम्पोतच विसरल्या होत्या.

"मिस लिन! ऑल गो! ऑल!"

पलीकडून काहीतरी आलं. ताईंनी फोन माझ्या कानाला लावला. "काय म्हणते ती?"

"कुठं गेलं, विचारतेय. घाबरलीये."

"सांग, सगळ्या नाशकात गेलं."

मी सांगितलं. लिननं तिकडं कोणाला तरी काहीतरी विचारलं. मग हळूच म्हणाली, "हू इज नाशिक?"

मी ताईंना ते सांगितलं. त्या बूथच्या काचेला टेकल्या, हसता हसता खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. बूथवाला मीटरकडे बोट दाखवत होता. मी कसाबसा श्वास घेतला आणि लिनला म्हटलं, "वुमेन. ऑल वुमेन."

 मग तिकडून, समुद्रापलीकडून, लिन हसायला लागली.