पाच पानी माफी डिलीट केली

मंडळी, आज मी माझ्या व्हिलनची पाच पानी माफी डिलीट केली.

माझी अंतराळातली प्रेमकथा तुमच्यापैकी काहीजण वाचतात. पहिल्या भागात ज्या विराजने अख्ख्या वसाहतीचा ऑक्सिजन तोडला, त्याच्याच प्रेमात आता नायिका पडणार आहे. सकाळी शेजारच्या काकूंकडे पोहे खाता खाता त्यांना माफीचा सीन वाचून दाखवला.

काकू म्हणाल्या, "बोलतो छान. पर करतो काय?"

मग त्याच सांगू लागल्या,

"आमच्या यांनी दहा वर्षं मला महूला माहेरी जाऊ दिलं नाही. सॉरी आज तक म्हणाले नाहीत. पण रिटायर झाल्यापासून दर रविवारी स्वतः घेऊन जातात. माझ्या आईची नखं कापून देतात."

तेवढ्यात आतून काकांचा आवाज आला, "अगं, नेलकटर कुठे ठेवलंस? आई वाट बघत असतील."

घरी येऊन नवा सीन लिहिला. विराज रोज सकाळी वसाहतीत जातो आणि घरोघरी ऑक्सिजन नीट येतोय का ते तपासतो. नायिका लांबून बघते. अजून बोललेली नाही.

तिच्या जागी तुम्ही असता, तर कितव्या सकाळी बोलला असता?