पितळ म्हणून पाठवलेली सात अक्षरं: शारजा ते हुबळी

पाटी कुणी चिंचेनं घासतं का? घागर घासावी, समई घासावी, तांब्या घासावा. पण दुकानावरची अक्षरं दर शनिवारी स्टुलावर चढून चिंच, मीठ आणि वरून राखेचा हात मारून घासायची, हे जगात कुठं चालतं? हेच मी आईला फोनवर तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा ती म्हणाली, "तुझ्या अप्पांना तूच सांग की." अप्पांना हे सांगायचं तर त्याआधी दुसरंच काहीतरी सांगावं लागणार होतं. त्याची हिंमत नव्हती, म्हणून तिकीट काढलं.

मी शारजात पाट्यांच्या कारखान्यात कामाला आहे. शिक्षण नववी, तीही अर्धी. हुबळीच्या बाजारात आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, पणजोबा मिरजेकडून आले तेव्हापासूनचं. मला त्यात बसायचं नव्हतं. "पितळ आता कोण घेतंय, सगळं स्टील झालं," असं म्हणून अप्पांशी भांडून निघालो. निघताना वर ऐकवलं, बघा, तुमच्याच दुकानाला माझ्या हातची पितळी अक्षरं पाठवीन.

दोन वर्षांनी पाठवली. सात कन्नड अक्षरं, सोन्यासारखी. फक्त पितळेची नव्हती. ॲल्युमिनियमची होती, सोनेरी ॲनोडायझिंग केलेली. एका हॉटेलच्या आतल्या भिंतीचं काम झालं, त्यातला पत्रा उरला होता, त्यातून कापली. पितळेचा पत्रा माझ्या पगारात बसत नव्हता. अप्पांनी फोनवर विचारलं, "पितळच ना रे?" मी म्हणालो, "हो."

तेवढा एकच शब्द.

आमच्या दुकानात बिल करायची एक रीत आहे. आधी धातू लिहायचा, मग वजन, मग रक्कम. गिऱ्हाईकाचं नाव राहिलं तर चालतं, धातू राहिला तर अप्पा पावती फाडतात. लहानपणी मी एकदा काशाच्या वाटीला पितळ लिहिलं होतं, तर अप्पांनी मला गिऱ्हाईकाच्या मागं बसस्टँडपर्यंत पळवलं होतं. असल्या अप्पांना मी 'हो' म्हणालो.

मग यंदा शेजारच्या सायकल दुकानाच्या बसण्णानं दिवाळीच्या शुभेच्छांचा फोटो पाठवला. मागं आमची पाटी. अक्षरांवर पांढुरके डाग, कडांना सोनेरी रंग उरलेला, मध्ये सगळं फिकं. मी मनात ठरवलं, अप्पांना कळायच्या आत ही अक्षरं उतरवायची. त्यांना काहीतरी नवीन फॅशन सांगायची आणि दुसरी बसवायची. बॅगेत कारखान्यातले नमुन्याचे तुकडे घेतले, विड्याच्या पानाएवढे, सहा. कपडे कमी घेतले.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगतो. मुंबईमार्गे हुबळीचं विमान मला महाग पडत होतं, गोव्याचं तिकीट स्वस्त मिळालं. मोप्याच्या विमानतळाबाहेर पणजीची बस मिळते, टॅक्सीवाल्यांकडं बघायचं नाही. पणजीच्या स्टँडवरून हुबळीची लाल गाडी. साडेतीनशेच्या आसपास तिकीट, पाचसहा तास. पावसाळ्यात अनमोड घाट कधीकधी बंद असतो, तेव्हा आधी विचारून घ्या. मी गेलो तेव्हा पाऊस संपला होता, घाट हिरवागार होता, आणि गाडीतले सगळे झोपले होते. डावीकडची खिडकी धरा असं लोक सांगतात. मी उजवीकडं बसलो, तिकडंही जंगलच दिसलं.

मोल्याच्या पुढं माकडं दिसली तसा शेजारचा म्हातारा जागा झाला. त्यानं विचारलं, काय करता? म्हटलं, पाट्या. "म्हणजे पेंटर." म्हटलं, नाही, धातूच्या. तो म्हणाला, "मग आमच्या पतसंस्थेची पाटी काळी का पडली ते सांगा." कसली आहे विचारलं, तर म्हणे चकचकीत, आरशासारखी. झालं. मला बोलायला तेवढंच पुरे होतं. रामनगरचा चहा येईपर्यंत मी त्याला सांगत होतो की उघड्यावर कच्चं आरसा पॉलिश लावू नका. पहिल्या महिन्यात उन्हानं लोकांचे डोळे दिपतात आणि दुसऱ्या वर्षी तेच मेणचट दिसतं. रंग हवा तर पावडर कोटिंग करा. रंगाची भुकटी फवारून भट्टीत भाजतात, खरवडल्याशिवाय जात नाही. धातूचं रूप हवं तर ॲनोडायझिंग. त्यात वरून थर लावत नाहीत. तेजाबाच्या टाकीत वीज सोडून ॲल्युमिनियमचीच कातडी घट्ट करतात आणि मग तिला रंग पाजतात. पण आतल्या भिंतीसाठी पाजलेला सोनेरी रंग पश्चिमेच्या उन्हात टिकत नाही.

"मग असलं बाहेर लावणारा मूर्खच म्हणायचा," म्हातारा म्हणाला.

"हो," मी म्हणालो. दुसरा हो.

अळणावर गेलं की जंगल सुटतं आणि काळी जमीन सुरू होते. धारवाडला उतरून पेढे घेतले. साखरेत घोळलेले, तपकिरी, रांगेत अर्धा तास. घ्याच, पण उन्हात बॅगेत ठेवू नका. पुढं हुबळीपर्यंत चिगरी बस पकडा. तिला रस्त्याच्या मधोमध स्वतःची वाट आहे, ट्रॅफिक लागत नाही. उणकलचं तळं आलं तसं मला ओळखीचं काही दिसेना. तळं तिथंच होतं, बाकी सगळीकडं इमारती. विद्यानगरला कॉलेजची पोरं चढली आणि मी उगाचच बॅग मांडीवर घेतली, आतले तुकडे वाजत होते.

बाजारात आधी बसण्णानंच पाहिलं. "बर्री साहेब, बर्री!" या, या म्हणत त्यानं हातातली सायकल सोडून दिली, ती पडली. मग मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "पितळेचा शेठ आला की रे!"

अप्पा गल्ल्यावर होते. बारीक झालेत. माझ्याकडं बघून म्हणाले, "जेवलास?" मी म्हटलं, धारवाडला गिरमिट खाल्लं. "चुरमुऱ्यांनी पोट भरतं होय? जा घरी, भाकरी केलीय आईनं." मी वर बघितलं. फोटोत दिसलं त्यापेक्षा वाईट होतं. तिसऱ्या अक्षराचा वळसा तर पार पांढरा पडला होता.

"जरा मळलीत," अप्पा म्हणाले. "परवा शनिवार आहे. घासतो."

"घासू नका," मी घाईनं म्हणालो. "नवीन फॅशन आलीय. बदलून टाकू."

"बदलू की," अप्पा म्हणाले. एवढंच.

तारिहाळला कारखान्यांच्या वसाहतीत ॲनोडायझिंग करणारा एक जण आहे असं कळलं. मी एक अक्षर उतरवून पिशवीत घातलं आणि एकटाच जायचं ठरवलं. दुकानाच्या सुट्टीचा दिवस होता. दारातून बाहेर पडतो तर अप्पा चप्पल घालून उभे. "मीपण येतो. माझ्याच दुकानाची पाटी की." रिक्षा करू म्हटलं तर नको, बस आहे. बसमध्ये मी सगळा वेळ एकच विचार करत होतो, त्या माणसाला आधी बाजूला कसं घ्यायचं.

जमलं नाही. मालक तरुण होता, हात तेजाबानं पिवळे. मी बोलायच्या आत अप्पांनी पिशवीतून अक्षर काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं उलटं करून बघितलं, नखानं खरवडलं, आणि अप्पांना कन्नडमध्ये म्हणाला, हे पितळ नव्हे हो, ॲल्युमिनियम आहे. कुणी फसवलं तुम्हाला?

टाकीत बुडबुडे येत होते. पलीकडं कुणीतरी पत्रा टाकला. मी खाली बघितलं.

"गोत्तैति री," अप्पा म्हणाले. ठाऊक आहे हो. "फसवलं नाही कुणी. पोराच्या हातचं आहे. पुढचं सांगा."

मालकानं पुढचं सांगितलं. हे रंगवून उपयोग नाही, कातडीच गेलीय. नवा पत्रा कापून करावं लागेल. आणि काही झालं तरी चिंच लावू नका. मी मान हलवत राहिलो.

परतीच्या बसमध्ये मी उभा होतो, अप्पा बसले होते. तारिहाळ मागं पडल्यावर विचारलं, "कधी कळलं?"

"पेटी उघडली तेव्हा. चाळीस वर्षं हातानं तोलतोय. पितळ हात खाली ओढतं. हे उचललं तर हातच वर गेला."

"मग घासत का होता?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं, काशाच्या वाटीला पितळ लिहिलं तेव्हा बघितलं होतं तसं. "तू पितळ म्हणालास. मी बाजारात तसंच सांगून बसलो. पितळ असतं तर घासलं नसतं? बसण्णा रोज बघतो. काळवंडतही नाही, घासतही नाही, तर म्हणेल हे कसलं पितळ?"

म्हणजे ती अक्षरं उन्हानं गेली ती थोडी. बाकी सगळी माझ्या त्या 'हो'नं गेली, चिंच लावून. त्या वयात स्टुलावर चढून.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी सहाही तुकडे गल्ल्यावर मांडले. आरसा पॉलिश त्यांनी लगेच बाजूला सारलं. "समोरच्याच्या डोळ्यात जाईल." काळं पावडर कोटिंग बघून म्हणाले, "हे तव्याचं." सोनेरीला हातही लावला नाही. मग राखाडी, बारीक रेघा उठवलेला, बिनरंगी ॲनोडायझिंगचा तुकडा उचलला, अंगठा फिरवला, उजेडात धरला.

"हे काय?"

"सिल्व्हर ब्रश."

"ते रूप झालं. धातू कुठला?"

तेवढ्यासाठीच तर त्यांनी विचारलं होतं. सगळं त्यांना ठाऊक होतं, मालकानं तोंडावर सांगितलं होतं, लपवायला काही उरलंच नव्हतं. फक्त माझ्या तोंडून यायचं होतं. अप्पांनी तो तुकडा तराजूच्या पारड्यात ठेवला आणि थांबले. पारडं जेमतेम हललं.

"बाहेर चांगलं टिकतं," मी म्हणालो.

"असूंदे," अप्पा म्हणाले आणि तुकडा उचलून गल्ल्यात टाकला.

बाकीचे दिवस गेले. मिरची भजी खाल्ली, खानावळीत जोंधळ्याची भाकरी आणि भरली वांगी खाल्ली, शंभरसव्वाशेत पोट फुटेस्तोवर वाढतात. संध्याकाळी उणकलच्या तळ्यावर आईला घेऊन गेलो. उरलेली सहा अक्षरं मी आणि बसण्णानं मिळून उतरवली. त्यानं एक हातात घेतलं, दोनदा वरखाली केलं, माझ्याकडं बघितलं आणि ते बाकीच्यांवर रचून ठेवलं. त्यालाही आधीपासून ठाऊक होतं, की आत्ता हातात घेतल्यावर कळलं, हे मी विचारलं नाही. निघताना दुकानाच्या कपाळावर नुसती भोकं होती.

स्टँडवर अप्पा म्हणाले, "तारिहाळवाल्याकडून तूच करून घे. पैसे तू पाठव. काय पाठवतोस ते लिहून पाठव, म्हणजे मला वहीत नोंद करता येईल." गाडी सुटली तेव्हा ते पेढ्याचा रिकामा खोका हातात धरून उभे होते. मीच त्यांच्या हातात दिला होता, टाका म्हणून.

इथं परत येऊन तीन आठवडे झाले. लोक विचारतात, हुबळीत बघण्यासारखं काय? तळं आहे, पेढा आहे, चिगरी बस आहे, जा. माझ्याबरोबर मात्र ते जेमतेम हललेलं पारडं आलंय. कारखान्यात रोज पत्रा उचलतो, हात वर जातो, आणि अप्पांचं पेटी उघडणं दिसतं. एकटेच असतील. बाजाराला हाक मारायच्या आधी एखादा क्षण तर हातात धरून उभे राहिले असतील.

आज तारिहाळचा हिशेब आला. पैसे अप्पांच्या खात्यात टाकतोय. 'कारण' म्हणून एक रकाना असतो, तो मी नेहमी मोकळा सोडतो. आज आमच्या दुकानाच्या रीतीनं भरला, आधी धातू, मग वजन, मग रक्कम:

ॲल्युमिनियम. साडेपाच किलो. अठरा हजार पाचशे रुपये.