सावंत सरांचे खोटे बर्स्ट

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात चार टाळकी जमली, की कुणीतरी म्हणतंच, "अरे, ते लिफ्टचं सांग ना!" मग एकातून दुसरा किस्सा निघत जातो. आमचा धंदाच तसा. अवकाशात कुठेतरी रेडिओ लहरींचा जबरदस्त झोत उठतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. त्याला आम्ही बर्स्ट म्हणतो. तो कुठून आला, कशामुळे झाला, हे शोधायचं. पण आधी तो सापडायला हवा! आमच्यातल्या मुग्धाची पीएचडी तिथेच अडलेली. तिला स्वतःचा एक बर्स्ट हवा होता.

*

तर लिफ्ट. मुग्धाच्या घाटकोपरच्या सोसायटीत गच्चीवर आम्ही सरावासाठी छोटा अँटेना लावला. पहिल्याच दुपारी सिग्नल! मग दुसरा, तिसरा. आम्ही गार. शेवटी कळलं, लिफ्ट सुरू झाली की मोटर ठिणगी टाकते आणि त्या ठिणगीच्या रेडिओ लहरी आमच्या अँटेनात येतात. मेकॅनिकने ती उघडली आणि तोच हबकला, वायर जळत आली होती. आता तिथे कुणाचा मिक्सर बिघडला तरी मुग्धालाच बोलावतात.

*

तिच्या मुलुंडच्या मामांनी एकदा विचारलं, "किती लांबून येतं गं हे?"

"अब्जावधी वर्षं प्रवास करून."

"आणि थांबतं किती?"

"सेकंदाचा हजारावा भाग."

"एवढ्या लांबून येऊन लगेच निघायचं? आमचे जावई बरे, चहा तरी घेतात."

*

आमच्या खऱ्या, मोठ्या रेडिओ दुर्बिणीचा मूळ डेटा प्रचंड असतो. तो हाताशी असेल तरच बर्स्ट कुठल्या दीर्घिकेतून आला ते सांगता येतं. पण ठेवणार कुठे? म्हणून ज्यात कामाचं काही नाही असं ठरलं, तो दर शुक्रवारी पुसायचा. हे काम आमच्या टीममधल्या नीलेशचं, आणि नीलेश ते कधीच वेळेवर करायचा नाही. एकदा डिस्क भरून निरीक्षणच बंद पडलं. मुग्धाने त्याला असं झापलं, की शेजारच्या ऑफिसातले लोक डोकावून गेले.

*

आम्ही झोपा काढत नाही ना, हे बघायला आमचे प्रमुख सावंत सर डेटात गुपचूप बनावट बर्स्ट पेरायचे. मुग्धाला असाच एक सापडला. तिने आईला फोन केला, पेढे आणून सगळ्यांना वाटले. सरांनी पेढा खाल्ला आणि शांतपणे मालवणीत म्हणाले, "तो खोटो आसा गो." ती बाथरूममध्ये जाऊन रडली. मला सरांचा भयंकर राग आला.

*

त्यानंतर ती फसली नाही. परवा सोमवारच्या मीटिंगला तिने स्क्रीनवर एक आलेख लावला. काय देखणा बर्स्ट होता!

"सर, या वेळी मेहनत घेतलीत. पण ओळखला मी. 'खोटा' म्हणून गुरुवारीच निकालात काढला."

सरांनी चष्मा काढला. "मुग्धा, त्या पेढ्यांनंतर मी एकही पेरलेला नाही. लाज वाटली मला."

मग मुग्धा वळली आणि अगदी हळू म्हणाली, "नीलेश, त्याचा मूळ डेटा... तू डिस्क पुसली नसशील ना रे? तू कधीच वेळेवर पुसत नाहीस."



"तू ओरडली होतीस ना, यार. या वेळी शुक्रवारी सकाळीच पुसली."