बेटाचं गाऱ्हाणं

ताईला नोकरी लागली ती कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर. बेटाचं नाव आमच्या घरात कोणालाच नीट उच्चारता येईना, म्हणून पहिल्याच दिवसापासून सगळे त्याला नुसतं 'ते बेट' म्हणायला लागले. जणू ते भांडुपच्या खाडीतच आहे आणि होडीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल.

ताई मुलुंडच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. बेटावरच्या छोट्या इस्पितळाला नर्स हव्या होत्या. तिने अर्ज केला, व्हिडिओवर मुलाखत दिली आणि तिची निवड झाली. येणार की नाही ते सोमवारी सकाळपर्यंत कळवायचं होतं. ताईचं ठरलेलं होतं. पण आमच्याकडे ताई बाबांना विचारल्याशिवाय काही करत नाही, बाबा थोरल्या काकांना विचारल्याशिवाय काही करत नाहीत, आणि काका कोणालाच विचारत नाहीत. म्हणून रविवारी दुपारी काका-काकी नाहूरहून आमच्या खोलीवर आले. शेजारच्या काकूंना कोणी बोलावलं नव्हतं. त्याही आल्या.

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "तू कॉलेजात आहेस ना? सांग बघू, त्या बेटावर जाण्याचे फायदे काय नि तोटे काय?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. ताईने बारावीनंतर नर्सिंग केलं, पण त्याला आमच्याकडे शिक्षण धरत नाहीत, काम धरतात. शिक्षण म्हणजे मी: बी.ए.चं दुसरं वर्ष, भूगोल. त्यामुळे वीजबिलात चूक झाली की मला विचारतात, मोबाईल बंद पडला की मला विचारतात, आणि आता ताईचं आयुष्यही माझ्याकडे आलं होतं.

मला फायदे-तोटे एकाच पद्धतीने माहीत होते. परीक्षेत लिहितात तसे. मी उभी राहिले. बसून सांगितलं असतं तरी चाललं असतं, हे नंतर लक्षात आलं.

"फायदे," मी म्हणाले. "एक तर निसर्गसौंदर्य. वर्षभर उष्ण हवामान."

"उष्ण हवामान हा फायदा?" काकींनी वर आमच्या पत्र्याकडे बघत पदराने वारा घेतला.

"नारळाची झाडं," मी घाईने पुढे गेले. "समुद्रकिनारा. मुबलक मासे."

"गो बाय माझे!" काका ओरडलेच. "नारळ, समुद्र नि मासे! ता सगळा सोडून आमचे वडील मुंबैक इले, गिरणीत उभे रवले, म्हणून तुमी आज हय आसात. आणि ही परत नारळाखाली जायला निघाली? मग मालवणची बस काय वाईट होती?"

सगळे हसले. ताईसुद्धा हसली. मी पण हसले असेन. पण मला तेव्हाही वाटलं, आणि आता तर नक्कीच वाटतं, की आजोबा पोटासाठी गाव सोडून आले त्याला आमच्याकडे कर्तबगारी म्हणतात. त्याच कर्तबगारीची गोष्ट काका दर गणपतीला सांगतात. ताईच्या वेळी मात्र तीच गोष्ट डोक्यात शिरलेलं भूत ठरते. हे मी बोलले नाही. माझे तोटे सांगायचे राहिले होते.

"तोटे," मी म्हणाले. "चक्रीवादळं येतात. छपरं उडतात."

"छपराचं आपल्याला काय नवीन?" बाबा म्हणाले. त्या दुपारी ते पहिल्यांदाच बोलले होते. काकांनी बघितलं तसे ते जमिनीकडे बघायला लागले.

"आणि माणसं?" काकी म्हणाल्या. "तिकडची माणसं कशी असतील काय माहीत."

"ते वेस्ट इंडिज ना?" काकांना त्या भागाबद्दल जी काय माहिती होती ती क्रिकेटमधून आली होती. "सगळे फास्ट बॉलर. सहा-सहा फूट उंच. हिचा तिथे निभाव लागणार नाही."

"काका, मी त्यांच्याविरुद्ध बॅटिंग करायला नाही चालले," ताई म्हणाली. "त्यांचं ड्रेसिंग करायला चाललेय. इथेपण सहा फुटांचे पेशंट येतात. सुई दाखवली की सगळे सारखेच रडतात."

सुईचा विषय निघाला आणि सभेचा खरा विषय पण निघाला. शेजारच्या काकू पुढे सरकल्या. "तेच म्हणते मी. तू गेलीस तर माझं इन्शुलिन कोण टोचणार गं सकाळचं? तुझ्या हाताला गुण आहे, कळतच नाही टोचलेलं."

"काकू, मी तुम्हाला शिकवलंय ना स्वतः घ्यायला."

"माझ्या हाताने मला नाही गं टोचवत."

मग काकींचं कॅल्शियम आलं, काकांचं बीपी आलं, चाळीतल्या कुणाच्या सलाईनचं नि कुणाच्या टाक्यांचं आलं. रिपोर्ट आले की वाचून कोण सांगणार, हॉस्पिटलात ओळख कोणाची काढायची, रात्री कुणाला धाप लागली तर कोणाचं दार वाजवायचं. मी परीक्षेसाठी कधी एवढे तोटे तयार केले नव्हते. गंमत म्हणजे त्यातला एकही तोटा बेटाचा नव्हता. बेटाने बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं.

"बाहेर कंपाउंडर ठेवला तर काय घेतो माहीत आहे?" काकी म्हणाल्या आणि लगेच म्हणाल्या, "तसं नाही गं. आम्हाला काळजी तुझीच आहे."

ताईने मान हलवली. ती हॉस्पिटलात पेशंटचं ऐकताना कशी मान हलवत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

शेवटी काका उठले. "माणसांनी बोलून झालं. आता देवाक विचारूया. नारळ आणा."

आमच्या कोकणातल्या लोकांचं हे असंच आहे. लग्न असो, आजार असो, खोलीचा वाद असो, देवापुढे नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. घरातला मोठा पुरुष देवाला मोठ्याने सगळं सांगतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते म्हणायला विचार करावा लागत नाही. वाक्य 'रे म्हाराजा'वर संपलं की तोंड आपोआप उघडतं. आम्ही पाळण्यात असल्यापासून ते करत आलो आहोत.

आईने ओट्याखालचा नारळ काढून देव्हाऱ्यापुढे ठेवला. काकांनी डोळे मिटले, हात जोडले आणि घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा राठीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चेडवाच्या डोक्यात जा काय बेटाचा भूत शिरला आसा, ता भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेजारच्या काकूंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. त्या सोलापूरच्या. पण आमच्या शेजारी राहून त्यांनाही सवय झाली आहे.

"तेका हयच, आपल्या माणसांत, बरी नोकरी गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ताईपण म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. तिचे हात जोडलेले होते, डोळे मात्र उघडे.

उदबत्तीचा धूर काकांच्या घशात गेला. ते खोकायला लागले. खोकता खोकता त्यांनी हाताने 'थांबा, अजून आहे' अशी खूण केली. आणि तेवढ्यात ताईने, तोच सूर, तोच हेल धरून, पुढचं वाक्य उचललं.

"आणि बा देवा म्हाराजा! ज्या चेडवान आजवर सगळ्यांका सुयो टोचल्यान, कोणाक ना म्हणूक नाय, तेका आता आपल्या मनासारखा करूचा आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ता दर्यापलीकडे त्या बेटार जाता हा, तेच्या वांगडा, सोबतीक तू रव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी काकासुद्धा म्हणाले. खोकला थांबला होता, डोळे मिटलेलेच होते, आणि सूर ओळखीचा होता.

"आणि जो कोण तेका आडवो येत, तेचा तोंड तूच बंद कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ओट्यापाशी आई म्हणाली, बाबा म्हणाले, काकी म्हणाल्या, सोलापूरच्या काकू म्हणाल्या. मग आपण कशाला व्हय म्हणालो ते प्रत्येकाला थोड्या थोड्या वेळाने कळत गेलं. सगळ्यात शेवटी काकींना कळलं.

"ह्या धरूचा नाय," काका म्हणाले. "बायकांनी गाऱ्हाणा घालूचा नसता."

"कोणी का घातलं असेना," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. "दादा, देवापुढे तुम्ही व्हय म्हणालात. मी ऐकलं."

मी बाबांना काकांशी असं बोलताना त्याआधी पाहिलं नव्हतं. काकांनी टोपी घातली, काढली, परत घातली. देवाला दिलेला होकार फिरवायची काही रीत असली तर ती त्यांनाच माहीत असायला हवी होती, आणि ती त्यांना आठवेना. आईने नारळ फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे वाटले. तुकडा तोंडात टाकल्यावर काका जरा सैल झाले. जाता जाता जिन्यावर काकी ताईला विचारत होत्या, "तिकडे तुला राहायला खोली किती मोठी देतील गं? म्हणजे मे महिन्यात कोणी आलं तर?"

सगळे गेल्यावर ताईने गॅलरीत उभं राहून उत्तर पाठवलं. मी शेजारीच होते. मला वाटलं ती हसेल, निदान टाळी तरी देईल. ती फोन हातात धरून नुसती उभी राहिली.

"इतका वेळ बोलले सगळे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, कोणीतरी एक जण म्हणेल, जाऊ नको, तुझ्याशिवाय करमणार नाही. नुसतं एवढंच. काम न सांगता."

माझ्या ओठांवर आलं होतं ते वाक्य. खरं तर दुपारपासूनच होतं. पण ते फायद्यात घालायचं की तोट्यात, हे मला ठरवता येत नव्हतं.

"मी म्हणू?" मी विचारलं.

"आता?" ताईने माझ्या डोक्यावर टपली मारली. "आता म्हणालीस तर मी खरंच थांबेन. गप्प बस."

मी गप्प बसले.