तिसऱ्या चुकीला कुलूप

आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आणला तो मी, आणि काही वर्षांनी दुसरा, नवा आणला त्या आठवड्यात घरातले जुने कागद रद्दीवाल्याला दिले तेही मीच. "आता कागदाचा जमाना गेला," असं मी दादाच्या फोटो स्टुडिओत उभं राहून, चार गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं म्हटलं होतं. त्या रद्दीत दादाच्या आयकर विवरणपत्रांच्या शिक्का मारलेल्या पोचपावत्या होत्या. किलोचा भाव बरा मिळाला.

कापसाची ती वाईट वर्षं. यवतमाळात स्टुडिओ चालवणाऱ्याला बाजार न बघताही हालहवाल कळे. लग्नाचे अल्बम कमी झाले, अर्जांना चिकटवायचे फोटो वाढले. दादाचं रिटर्न दर जुलैत मीच भरायचो. मी काही कर सल्लागार नव्हे, जिल्हा परिषदेतला साधा कारकून; पण घरात ज्याला की-बोर्ड दाबता येतो तो तज्ज्ञ. अमरावतीच्या एका माणसाकडून घेतलेलं सॉफ्टवेअर होतं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. त्यात प्रत्येक वर्षाच्या फाइलला परवलीचा शब्द देता यायचा, आणि तीनदा चुकीचा शब्द टाकला की फाइल कायमची बंद. ही सोय मी हौसेनं चालू करून ठेवली होती. चोर येऊन दादाचं रिटर्न वाचेल अशी मला भीती होती म्हणे.

मग पुतणीचा अमरावतीच्या फार्मसी कॉलेजात नंबर लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं, आणि सोबत तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हवा. नाहीतर जागा पुढच्या नंबराला. तहसीलच्या बाबूनं सांगितलं, पोच नसेल तर निदान तीन वर्षांच्या विवरणपत्रांच्या छापील प्रती आणा, वडिलांची सही करून, पाचच्या आत.

माझ्या नव्या कॉम्प्युटरनं विवरणपत्रांच्या जुन्या फ्लॉप्या वाचल्या, पण पडद्यावर चौकोन आणि हसरे चेहरे उमटले. एवढ्या टेन्शनमध्ये ते हसणं फार लागलं. ते सॉफ्टवेअर असलेलं जुनं यंत्र स्टुडिओच्या मागच्या खोलीत वहिनीच्या जुन्या साडीखाली झाकलेलं होतं. त्या दिवशी लाइट दोन वाजता येऊन चारला जाणार होती. लोडशेडिंगचं वेळापत्रक तेवढं मात्र आमच्याकडे कधी चुकलं नाही.

दोन वाजून पाच मिनिटांनी आम्ही चौघं त्या खोलीत होतो. दादा, वहिनी, पुतणी आणि तज्ज्ञ.

परवलीचा शब्द ठरवायची माझी युक्ती सोपी होती. आमच्याकडे साल आकड्यानं कोणी सांगत नाही, कापसाचं काय झालं त्यावरून सांगतात. म्हणून त्या वर्षी कापसावर जे आलं, तोच शब्द. बाहेरच्याला कळणार नाही, घरातला विसरणार नाही. पहिली फाइल 'लाल्या' टाकल्यावर उघडली. त्या वर्षी पानं लाल पडून झाडं वाळली होती. दुसरी 'गारपीट'. दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. प्रिंटरची रिबन सुकत आली होती, पण अक्षरं वाचता येत होती.

तिसऱ्या फाइलीवर गाडी अडली.

"अळीचं साल ते," दादा म्हणाला. "टाक अळी."

"पक्कं?"

"अबे, तुले काय मी खोटं सांगून राह्यलो? बोंडं फोडून दाखवाले आणली होती ना तुह्या वहिनीच्या भावानं."

टाकलं. पडद्यानं नकार दिला. दोन संधी उरल्या.

"अळी त्याच्या आदल्या वर्षी," मी तज्ज्ञासारखा म्हणालो. "हे भाव पडल्याचं साल. मले चांगलं आठवते." आणि कोणाला विचारायच्या आत 'भाव' टाकून मोकळा झालो.

नकार. एक संधी उरली.

पुतणी भिंतीला टेकून उभी होती, हातातली प्रवेशाची फाइल छातीशी धरून. घड्याळात पावणेतीन झाले होते. मी पुन्हा की-बोर्डावर बोटं ठेवली.

"भाऊजी, थांबा जरा," वहिनी म्हणाली. तिचं माहेर घाटंजीकडचं, शेतीवाडीचं. "तुम्ही हे भरता कधी?"

"जुलैत."

"मंग जुलैत तुमाले मागच्या सालचा कापूस कायले आठवन? तो तर इकून मोकळा झालेला. जुलैत शेतात काय चालू होतं ते सांगा."

मी बोटांवर सालं मोजू लागलो.

"मी सांगते. त्या जुलैत मी माहेरी गेलती. तुम्ही फोन केला, दादाच्या कागदाचं पाकीट कुठी ठेवलं म्हणून. मी म्हटलं, इथी पाऊस दडी मारून बसला, बाबा दुसऱ्यांदा पेरून राह्यले, अन् तुमाले पाकिटाची पडली. आठवते?"

"दुबार पेरणी तर पुढच्या वर्षाची," दादा म्हणाला.

"लोकायची पुढच्या वर्षाची. भाऊजीची त्याच दिवशीची. यायच्या डोक्यात जे असते तेच हातातून निघते."

मग लाल्या आणि गारपीट कसं जमलं, हा प्रश्न माझ्याही मनात आला. खरं म्हणजे दरवर्षी मी कुठला नियम पाळला हे मलाच ठाऊक नव्हतं. 'दुबार' टाइप केलं. पण बोट एंटरवर जाईना. चुकलं तर त्या पोरीची जागा माझ्या एका बोटानं गेली असती.

मी खुर्चीवरून उठलो. "ये," मी पुतणीला म्हणालो. "तुझं काम आहे, तूच दाब."

ती बसली. तिनं दादाकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि दाबलं. यंत्र घरघरलं. इतका वेळ घरघरलं, की दादा देवाचं नाव घ्यायला लागला. मग हिरवे आकडे एकामागून एक उतरले.

चारला सात मिनिटं कमी असताना शेवटचा कागद प्रिंटरमधून निघाला. दादानं सह्या केल्या, दोघं बाप-लेक स्कूटरवर तहसीलला गेले आणि साडेपाचला दाखला घेऊन परत आले.

पुतणी आता स्वतःचं मेडिकल चालवते. काउंटरवर कोणी जुना ओळखीचा भेटला की सांगते, काकांनी त्या दिवशी माझ्यावर विश्वास टाकला, शेवटचं बटण मलाच दाबू दिलं. मी शेजारी उभा असलो तर मान हलवतो. वहिनी असली तर ती माझ्याकडे बघत नाही, औषधाच्या खोक्यांकडे बघते, आणि तेवढ्यानंही माझे कान तापतात.